‘ॲसिडिटी’ : शब्द, व्युत्पत्ती आणि व्यवहार

नारायण पेठेतील आमच्या चिकित्सालयात रुग्ण समोर येऊन बसला, की त्याच्या तोंडून निघणारा पहिला शब्द पुष्कळदा मराठी नसतो. ‘डॉक्टर, ॲसिडिटी झालीय,’ एवढे बोलून तो थांबतो. जणू प्रश्नही संपला आणि उत्तरही त्याच्याच हाती आले; आता आम्ही केवळ पुडी बांधून द्यायची बाकी. महाविद्यालयात शिकणारी मुले असे म्हणतात याचे नवल नाही. पण वाड्यात जन्मलेल्या, आयुष्यात इंग्रजीची पायरी न चढलेल्या आजीबाईही आता हाच शब्द वापरतात. केसरीवाड्यापासून लकडी पुलापर्यंत कोणत्याही औषधी दुकानात क्षणभर उभे राहावे. हा शब्द कानी पडल्यावाचून राहत नाही.

परभाषेतील शब्दांशी आमचे वैर नाही. ‘डॉक्टर’, ‘पेशंट’, ‘डोस’ हे शब्द आम्हीही दिवसभर उच्चारतो. परंतु ‘ॲसिडिटी’ या शब्दाने एकदा आम्हाला असे फसविले, की तेव्हापासून त्याच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. तो प्रसंग प्रथम सांगतो.

व्यवसायाच्या प्रारंभीच्या वर्षांतील गोष्ट आहे. पेठेतील एक सेवानिवृत्त गृहस्थ एका संध्याकाळी आले. नेहमीचेच रुग्ण, मिसळीचे शौकीन. म्हणाले, ‘कालपासून जरा ॲसिडिटी आहे.’ चिकित्सालयात गर्दी होती. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, पथ्य सांगितले आणि सूतशेखर व कामदुघा लिहून दिली. एकही अधिक प्रश्न विचारला नाही. ते चिठ्ठी घेऊन जवळच्याच औषधी दुकानात गेले. तेथील मालक वयोवृद्ध होते, वैद्य नव्हते. पण गल्ल्यावर बसून चाळीसेक वर्षे लोकांच्या तक्रारी ऐकलेला तो माणूस. त्यांनी गिऱ्हाइकाच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि विचारले, ‘काका, जळतंय की दडपतंय?’ गृहस्थ म्हणाले, ‘जळत नाही हो, दगड ठेवल्यासारखं वाटतंय. जिना चढलो की जास्त.’ मालकांनी औषध दिले नाही. दुकानातील मुलाला बरोबर देऊन त्यांना रिक्षाने रुग्णालयात धाडले. हृद्रोगाचा झटका होता. वेळेवर पोहोचल्याने ते वाचले.

चूक आमची होती, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो. रुग्णाने निदान सांगितले आणि आम्ही ते स्वीकारले. त्याने लक्षण सांगितलेच नव्हते.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘ॲसिड’ हा लॅटिन ‘आसिदुस’ म्हणजे आंबट, यापासून आला. त्याच्या मुळाशी टोकदार, धारदार अशा अर्थाचा प्राचीन धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील ‘अश्रि’ म्हणजे धार, कड, हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे आंबट चव ही जिभेला टोचणारी, कापणारी चव, अशी मूळ कल्पना. आपला ‘अम्ल’ मात्र दुसऱ्या कुळातील असून लॅटिनमधील कडू या अर्थाच्या ‘आमारुस’ शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. ‘ॲसिड’ व ‘ॲसिडिटी’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत रूढ झाले ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि त्यांचा अर्थ तेव्हा केवळ चवीचा होता. व्हिनेगर आंबट, लिंबू आंबट. तो आंबटपणा म्हणजे ॲसिडिटी. व्याधीचा तेथे संबंध नव्हता.

पुढे रसायनशास्त्राने हा शब्द जिभेवरून उचलून प्रयोगशाळेत नेला. व्हायोलेट फुलांचा रस आम्लाने तांबडा होतो हे रॉबर्ट बॉईल यांनी १६६४ च्या सुमारास मांडले. तेव्हापासून चव घेण्याची गरज उरली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांना वाटले, की प्रत्येक आम्लात एकच विशिष्ट वायू असतो. म्हणून त्यांनी त्या वायूस आम्ल उत्पन्न करणारा अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. तोच ‘ऑक्सिजन’. १८१० साली हम्फ्री डेव्ही यांनी लवणाम्लात ऑक्सिजन मुळीच नसल्याचे सिद्ध केले. कल्पना चुकीची ठरली, पण नाव राहिले! आपण त्यास प्राणवायू म्हटले ते किती बरे केले. नाव एकदा रूढ झाले, की त्यामागील विचार खोटा ठरला तरी ते जात नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हास ठाऊक नाही. १९०९ साली डेन्मार्कचे सोरेन्सन यांनी आम्लता अंकांत मोजण्याची पीएच पद्धती दिली आणि ‘ॲसिडिटी’ हा शब्द एका मापाचे नाव झाला.

जठराशी या शब्दाची गाठ पडली ती १८२४ साली. विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने जठररसात लवणाम्ल असते हे दाखविले. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम बोमाँट यांना अलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा रुग्ण लाभला होता. १८२२ साली बंदुकीच्या गोळीने त्याच्या पोटास भोक पडले व ते कायमचे उघडे राहिले. त्या भोकातून अन्नाचे तुकडे दोऱ्याने सोडून बोमाँट यांनी वर्षानुवर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या रिकाम्या जठरात हा रस साचून राहत नाही, अन्न पडले की पाझरतो, असे त्यांस आढळले. रुग्ण संतापला असता त्याच्या जठरात पित्त उतरलेले दिसले, अशीही त्यांची नोंद आहे. ‘त्याचं पित्त खवळलं’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

यातील मुद्दा असा, की जठरात आम्ल असणे हा रोग नव्हे. तो देहाचा धर्म आहे. न्हाणीघराची फरशी घासण्याकरिता आपण जे ‘ॲसिड’ आणतो ते आणि जठरातील आम्ल रासायनिक दृष्ट्या एकच, हे ऐकून रुग्ण दचकतात. मराठीत ‘ॲसिड’ म्हणजे फरशीचे, बॅटरीचे, चेहरा जाळणारे. त्या भयाची छाया ‘ॲसिडिटी’वर पडली आहे. आपल्या पोटात काही विषारी द्रव वाढला आहे आणि तो मारला पाहिजे, अशी रुग्णाची समजूत होते. वास्तविक ज्यांच्या छातीत जळजळते अशा पुष्कळांत आम्लाचे प्रमाण वाढलेले नसतेच. ते आम्ल अन्ननलिकेत, म्हणजे नको त्या ठिकाणी, आलेले असते. ही आधुनिक वैद्यकाचीच मांडणी आहे.

मग रोगाचे नाव म्हणून हा शब्द कोणी दिला? आमच्या मते वैद्यकापेक्षा जाहिरातींनी अधिक. १८२९ साली आयर्लंडमध्ये सर जेम्स मरे यांनी तेथील राजप्रतिनिधीच्या पोटदुखीवर पातळ मॅग्नेशिया दिले, १८७३ साली अमेरिकेत चार्ल्स फिलिप्स यांनी ‘मिल्क ऑफ मॅग्नेशिया’चे स्वामित्वहक्क घेतले, फळांचे फसफसणारे क्षारही याच शतकातले. बाटलीवर ‘जठराची ॲसिडिटी’ असे छापले, की गिऱ्हाइकास रोगही कळतो व औषधही. आजही इंग्लंडातील माणूस छातीत जळजळले तर ‘हार्टबर्न’ किंवा ‘इनडायजेशन’ म्हणतो. ‘मला ॲसिडिटी झाली’ असे सहसा म्हणत नाही. तो प्रयोग मुख्यतः आपल्याकडचा. म्हणजे शब्द त्यांचा, रोग म्हणून वापर आपला.

आपल्या महाविद्यालयांतून ‘अम्लपित्त म्हणजे ॲसिडिटी’ असे सर्रास शिकविले जाते. आम्हीही तसेच शिकलो. परंतु ग्रंथ उघडून पाहिले असता काय दिसते? चरक-सुश्रुतांनी अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय सांगितलेला नाही. तो माधवनिदानात आहे, तसाच काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आहे. (नेपाळात सापडलेली ही खंडित संहिता १९३८ साली मुद्रित झाली, तोवर वैद्यसमाजास ती जवळजवळ अज्ञातच होती. काश्यपांनी हा व्याधी आनूप देशात अधिक होतो असे सांगून प्रसंगी देशांतराचा सल्ला दिला आहे. कोकणातून पुण्यास स्थायिक झालेल्या आमच्या काही रुग्णांना येथे बरे वाटते व गावी गेले की पुन्हा त्रास होतो, तेव्हा या वचनाची आठवण येते.) माधवाचार्यांनी सांगितलेल्या लक्षणांत अपचन, थकवा, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, छाती-घशातील दाह आणि अरुची एकत्र येतात. शिवाय ऊर्ध्वग व अधोग असे दोन प्रकार. अधोग प्रकारात जुलाब होतात. त्याला आजचा रुग्ण ‘ॲसिडिटी’ म्हणत नाही. आणि ज्याला तो ‘ॲसिडिटी’ म्हणतो त्यातील अर्धे अम्लपित्तात बसत नाही. भाषांतर दोन्ही बाजूंनी तोकडे पडते.

त्याहून महत्त्वाचा भेद ‘विदग्ध’ या शब्दात आहे. सुश्रुतमते प्राकृत पित्त कटु रसाचे. ते विदग्ध झाले की अम्ल होते. ‘दह्’ धातूपासून आलेला हा शब्द. धड पक्व नाही, धड अपक्व नाही, अर्धवट जळलेले. ‘ॲसिडिटी’ हा मापाचा शब्द आहे. तो किती, एवढेच विचारतो. ‘विदग्ध’ हा पाकाचा शब्द आहे. तो कसे, हे विचारतो. प्रमाण वाढले असे मानणारा आम्ल मारील. पाक बिघडला असे मानणारा अग्नीकडे पाहील. (साहित्यिक मंडळी अभिजात ग्रंथांना ‘विदग्ध वाङ्मय’ म्हणतात. एकाच शब्दाचा असा दुहेरी संसार! रुग्णास ‘तुमचे पित्त विदग्ध आहे’ असे एकदा सांगितले, तर मराठीचे प्राध्यापक असलेले ते गृहस्थ चक्क सुखावले.)

येथवर शास्त्राचे झाले. आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. ‘ॲसिडिटी’ने मराठीतील एक शब्द बाजूला सारला असता तर तक्रार नव्हती. तिने निदानाची एक अख्खी परिभाषा गिळली आहे, आणि ती परिभाषा वैद्यांची नव्हे, घराघरांतील बायकामाणसांची होती.

कोणी म्हणेल, पूर्वीही लोक सगळ्याला ‘पित्त’च म्हणत. खरे आहे. पण क्रियापद पाहा. ‘पित्त पडलं’ म्हणजे वांती झाली. ‘पित्त चढलं’ म्हणजे अर्धे डोके ठणकते आहे. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांधी आल्या, आपले शीतपित्त-उदर्द. ‘पित्त खवळलं’ म्हणजे घरात कोणी जवळ जाऊ नये! नाम एकच, परंतु क्रियापद निदान करीत असे. ‘ॲसिडिटी’ मात्र केवळ ‘होते’ किंवा ‘वाढते’. अर्धशिशीचा रुग्णही ‘ॲसिडिटी’ म्हणतो, गांधी आलेलाही म्हणतो, आणि दडपलेल्या छातीचाही.

ढेकराचेच घ्या. आमची आजी तीन प्रकारचे ढेकर ओळखीत असे. जेवणानंतर बऱ्याच वेळाने जे खाल्ले त्याच्याच वासाचा ढेकर आला, तर ती म्हणे, ‘अजून पोटात तसंच आहे, रात्री जेवू नकोस.’ करपट ढेकर आला तर ‘पित्त वाढलंय’ म्हणून लाह्यांचे पाणी देई. नुसतेच कोरडे ढेकर येऊन पोट डब्ब झाले तर ओवा नि हिंग. आता अजीर्णाचे वर्णन काढून पाहावे. आमाजीर्णात भुक्त अन्नासारखाच उद्गार, विदग्धाजीर्णात धुरकट आंबट उद्गार, विष्टब्धाजीर्णात वाताचे आध्मान व शूल. आजीने ग्रंथ पाहिला नव्हता. पण ‘करपट’ हा शब्द तिच्यापाशी होता, आणि तो शब्द असल्यामुळे भेद होता. आजच्या तरुण रुग्णास ‘ढेकर करपट आहे की आंबट?’ असे विचारावे, तर तो आमच्याकडे पाहत राहतो. त्याने कधी तिकडे लक्षच दिलेले नसते. शब्द गेला की लक्षही जाते.

‘घशाशी येतं’, ‘छातीत जळजळतं’, ‘पोटात आग पडते’, ‘पोटात खड्डा पडतो’, ‘ढवळतं’, ‘मळमळतं’ : यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेस नेतो. पोटात खड्डा पडून दुखते आणि दोन घास खाल्ले की थांबते, असे सांगणाऱ्या रुग्णाचा विचार जेवल्याबरोबर जळजळणाऱ्याहून वेगळा करावा लागतो. तेथे परिणामशूल डोळ्यांपुढे आला पाहिजे. वांती झाल्यावरच ज्याला बरे वाटते त्याच्या बाबतीत अन्नद्रवशूल. जठरव्रणाचे एक मोठे कारण हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असल्याचे ऑस्ट्रेलियाच्या मार्शल व वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखविले, त्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ आम्ल मारीत राहण्याने तेथेही भागत नव्हते. काळी शौचास होणे, विनाकारण वजन घटणे, घास गिळताना अडकणे, यांपैकी काही असेल तर पुडी बाजूला ठेवून त्याच दिवशी पुढील तपासणीस धाडावे. पण हे सर्व ‘ॲसिडिटी’ या एका शब्दामागे झाकलेले असते. विचारल्यावाचून बाहेर येत नाही.

छाती आणि जठर यांच्या बाबतीत तर सर्वच भाषा गोंधळल्या आहेत. ग्रीकांचा ‘कार्दिया’ हा शब्द हृदयासही होता आणि जठराच्या मुखासही. जठराच्या वरच्या तोंडास आजही ‘कार्डिया’ म्हणतात. इंग्रजांनी छातीतील जळजळीस ‘हार्टबर्न’, हृदयाची जळजळ, असे नाव दिले. आपल्या ग्रंथांतही हृत्कंठदाह अम्लपित्तात येतो आणि मळमळीस ‘हृल्लास’ म्हणतात. म्हणूनच सुश्रुतांनी उत्तरतंत्रात हृच्छूल वेगळा काढून सांगितला, याचे महत्त्व आम्हास त्या सेवानिवृत्त गृहस्थांनंतर कळले. जुन्या मराठीतही ‘छातीत कळ आली’ आणि ‘छातीत जळजळलं’ यांत कोणी गल्लत करीत नव्हते. ‘दडपतंय’ हे क्रियापद त्या वृद्ध दुकानदारांपाशी शिल्लक होते. मधुमेही आणि वृद्ध रुग्णांत तर कित्येकदा कळही येत नाही. नुसती मळमळ, घाम, थकवा एवढेच असते. असा रुग्ण हमखास ‘ॲसिडिटी’च म्हणतो.

औषधी दुकानांच्या मालकांसाठी दोन शब्द. ‘ॲसिडिटीवर काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्यास आपल्याकडे तीन गोष्टी सर्वाधिक दिल्या जातात : अविपत्तिकर चूर्ण, सूतशेखर आणि कामदुघा. मागणी एकाच शब्दाची, पण द्रव्ये अगदी भिन्न. अविपत्तिकरात साखरेखालोखाल निशोत्तराचे प्रमाण मोठे. ते विरेचक आहे. ज्याला आधीच पातळ शौचास होते त्याला चमचाभर चूर्ण दिले, तर सायंकाळी तो आपल्याच दुकानी भांडायला येईल. कामदुघेत मौक्तिक, प्रवाळ, शंख, गैरिक, गुळवेलीचे सत्त्व, कल्प शीत. सूतशेखरात पारद, वत्सनाभ, धत्तूर आहेत. तो कल्प तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावा, अशी सूचना आवेष्टनावर छापणे औषधे नियमावलीतील १६१ व्या नियमाने आवश्यक आहे, कारण ती द्रव्ये परिशिष्ट ई(१) मध्ये मोडतात. तरीही गिऱ्हाईक ‘सूतशेखरची डबी द्या’ म्हणून नेते आणि महिनोन्‌महिने चघळते. येथे दुकानदाराचा एक प्रश्न चिठ्ठीइतकाच मोलाचा ठरतो. आमच्या बाबतीत तो चिठ्ठीहून मोलाचा ठरला.

त्या प्रसंगानंतर आम्ही रुग्णपत्रिकेत ‘ॲसिडिटी’ हा शब्द लिहिणे बंद केले. रुग्णाने तो उच्चारला की लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘हा शब्द सोडून सांगा.’ प्रथम बहुतेक जण अडखळतात. मग हात आपोआप छातीवर, पोटावर, घशाशी जातो. तळहात फिरतो की मूठ वळते, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. मूठ वळली तर आम्ही सावध होतो. थोड्या वेळाने त्यांना आईचे, आजीचे शब्द आठवू लागतात. परवा संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या एका मुलीने बराच विचार करून सांगितले, ‘काहीतरी करपल्यासारखं येतं वर.’ तिच्या पत्रिकेत आम्ही ‘करपट ढेकर’ असे लिहिले, रात्रीचे उशिराचे जेवण बंद केले, एक दिवस लंघन सांगितले. औषध दिले ते नंतर.

ते सेवानिवृत्त गृहस्थ अद्याप येतात. आता पंचाऐंशीच्या घरात आहेत. मिसळ सुटलेली नाही. दारातूनच हात वर करून ओरडतात, ‘वैद्यबुवा, आज जळतंय हं, दडपत नाही!’ तरीही आम्ही त्यांना प्रथम आडवे करून रक्तदाब पाहतो.